पोहता येत नसेल तर आल्गार्वला काय पाहावे?

प्रश्न : आमचा मुलगा लिस्बनला नोकरीस असून त्याने आम्हा दोघांना सप्टेंबरात पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर, आल्गार्वला, आठ दिवसांसाठी बोलावले आहे. आम्हाला पोहता येत नाही आणि आम्ही शाकाहारी आहोत. चोर्ला घाट उतरला की गोव्याचा समुद्र आम्हाला दिसतोच. मग तिथे आम्ही वेगळे काय करावे?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : पोहता येत नाही याची खंत बाळगू नका. अटलांटिकचे पाणी गोव्याच्या मानाने इतके थंड असते की पट्टीचे पोहणारेही तिथे बिचकतात. आल्गार्वचा किनारा मुळात कड्यावरून चालत पाहावा असाच आहे. मारिन्याच्या पुळणीपासून निघणारी सुमारे 6 किलोमीटरची पायवाट पिवळ्या-तांबूस चुनखडीच्या कड्यांवरून जाते, आणि वाटेत बेनाजिलच्या प्रसिद्ध गुहेचे छतातले भोक वरून पाहता येते. त्या गुहेत पोहत जाण्यास व वाळूवर उतरण्यास 2024 पासून बंदी असल्यामुळे होडीत बसूनच ती आतून पाहावी लागते, आणि त्यासाठी पोहणे येण्याची गरज नाही. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो : सावली दिसली म्हणून कड्याच्या पायथ्याशी बसू नका. ही चुनखडी ठिसूळ आहे; 2009 मध्ये अल्बुफेइराजवळ कडा कोसळून पाच माणसे दगावली होती.

आठातले दोन दिवस तरी पूर्वेकडच्या ताविरासाठी राखून ठेवा, असा माझा आग्रह आहे. तिथे समुद्र आणि जमीन यांच्यामध्ये रिया फॉर्मोझाची उथळ खाडी पसरलेली असून तिच्या पलीकडे वाळूची लांबट बेटे आहेत. फेरीबोटीने बेटावर जावे, आणि परतताना मिठागरांच्या बांधावरून रोहित पक्षी न्याहाळत रमतगमत यावे. शिरोड्याची मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही वाट परकी वाटणार नाही. त्या दिवसांत सूर्य संध्याकाळी साडेसातच्या आसपास मावळतो, त्यामुळे दुपारी विश्रांती घेऊनही फिरायला वेळ उरतो.

जेवणाची थोडी दक्षता घ्यावी लागेल. ‘काल्दु व्हेर्द’ हे पालेभाजीचे सार दिसायला निरुपद्रवी असले तरी त्यात बहुधा डुकराच्या मांसाच्या सॉसेजचे काप घालतात, म्हणून मांस आणि मासे नकोत हे आधीच सांगावे. बदाम आणि अंजिरांची मिठाई ही त्या प्रांताची खासियत आहे, सिल्वेशची संत्री गोड असतात, आणि पाव मागताना तर अडचणच येणार नाही, कारण आपला ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांकडूनच आलेला आहे.

पोर्तुगालला जाण्यासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो आणि त्यासोबत किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. सप्टेंबरात जायचे असल्यास मे महिन्यातच कागदपत्रांच्या तयारीला लागा.