हिरवा तालुका, रिकाम्या शेंगा

प्रश्न : ऑगस्टमध्ये आमच्याकडे पावसाने तीन आठवडे दडी मारली. सोयाबीनच्या शेंगा भरल्या नाहीत. तरी उपग्रहाच्या नोंदीत तालुक्याची पीकस्थिती ‘चांगली’ निघाली आणि दुष्काळाच्या यादीत नाव आले नाही. असे का?
— एक शेतकरी, मराठवाडा

उत्तर : उपग्रह दाणा मोजत नाही, हिरवेपणा मोजतो. निरोगी पान लाल प्रकाश शोषते आणि अवरक्त प्रकाश परावर्तित करते. या दोहोंच्या फरकावरून ‘एनडीव्हीआय’ हा हिरवेपणाचा निर्देशांक काढतात. मग त्याच पंधरवड्यातल्या मागील वर्षांच्या किमान आणि कमाल आकड्यांशी ताडून ० ते १०० मधला ‘व्हीसीआय’ म्हणजे पीकस्थितीचा निर्देशांक मिळतो. ६०च्या वर गेला की शेरा ‘चांगली’. शेंगा भरताना ताण बसलेले सोयाबीन बरेच दिवस हिरवे दिसते. दाण्याचा उतारा मात्र तेव्हाच गेलेला असतो.

त्यात तालुक्याची सरासरी. कालव्याखालचा ऊस, बांधावरची बाभूळ, सोयाबीनमधले आंतरपीक तूर, सप्टेंबरच्या सरीनंतर माजलेले तण, सगळे त्यात मिसळते. उपग्रहावरील ‘मोडिस’ या संवेदकाच्या प्रतिमेतला एक ठिपका, म्हणजे सर्वांत लहान चौकोन, २५० मीटर बाजूचा, साधारण साडेपंधरा एकरांचा. त्यात चार शेतकऱ्यांची चार पिके सहज मावतात. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाचा ठिपका १० मीटरचा, जवळजवळ एक गुंठा. तो कितीतरी बरा, पण खरिपात ढग आडवे येतात. म्हणून पंधरवड्यातले सर्वांत हिरवे मूल्य निवडण्याची पद्धत आहे आणि त्यामुळे आकडा आणखी वर सरकतो.

खरी अडचण मात्र क्रमाची आहे. केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ संहितेत पहिल्या पायरीवर पावसाची तूट पाहतात, दुसऱ्या पायरीवर पेरा, उपग्रह निर्देशांक, मातीतील ओल आणि जलसाठे. या दोन्ही पायऱ्या ओलांडल्या तरच १० टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी होते. दुसऱ्या पायरीवर तालुका हिरवा दिसला की शेतात कोणी उतरतच नाही. आमच्या मते पावसाचा मोठा खंड पडलेल्या महसूल मंडळांत, म्हणजे तालुक्याहून लहान अशा काही गावांच्या गटांत, पाहणी आधीच व्हायला हवी. २०२३मध्ये राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केल्यावर १,०२१ महसूल मंडळांना वेगळ्या सवलती दिल्या. एकक लहान करता येते, हे त्यातून दिसले.

प्रश्न : मग गावाने काय करावे?

उत्तर : ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल ॲपवरची आपल्या पिकाची नोंद, वेळेत आणि खरी भरा. कोणत्या गटात ऊस आणि कोणत्या गटात सोयाबीन हे कळले तरच ऊस वगळून सोयाबीनचा निर्देशांक काढता येतो. तूर आंतरपीक असेल तर तसेच नोंदवा.

सेंटिनेलच्या प्रतिमा दाखवणारे ‘कोपर्निकस ब्राउझर’ हे संकेतस्थळ मोफत आहे. गावाची हद्द आखा, ढगांचे प्रमाण २० टक्क्यांखाली ठेवा, सेंटिनेल-२ची ‘एल२ए’ (हवेचा परिणाम वजा केलेली) प्रतिमा निवडा आणि हाच पंधरवडा मागच्या चार-पाच वर्षांशी ताडून पाहा. वर्षावर्षांत पेरणीची तारीख दोन आठवडे पुढेमागे झाली असेल तर तुलना फसते. तेव्हा पेरणीपासूनचे दिवस मोजून तारखा निवडा. ढगाच्या कडेची पातळ सावलीही आकडा पाडते, म्हणून मूळ रंगीत प्रतिमा उघडून खात्री करा.

सोबत अक्षांश-रेखांश उमटणारे फोटो हवेत, आणि तेही उघडलेल्या शेंगांचे. नुसत्या हिरव्या शेताचा फोटो जोडलात तर तो तुमच्याच विरुद्ध पुरावा ठरेल. खरिपाचा दुष्काळ ३० ऑक्टोबरपर्यंत जाहीर व्हावा अशी संहितेची अपेक्षा आहे. त्यामुळे कृषी सहायक आणि तलाठ्यांकडे अर्ज काढणीआधीच, सप्टेंबरमध्ये, पोहोचला पाहिजे.