क्रिकेटवाल्याला प्लेस्टेशनवरचा बेसबॉल गेम जमेल का?

जमेल, पण पहिले दोन दिवस हात चुकतोच. दादरला भाच्याकडे ‘एमएलबी द शो’ खेळायला बसलो आणि येईल त्या चेंडूवर बॅट फिरवून लागोपाठ तीनदा आऊट! आपली सवय टप्पा बघून मारायची. इथे टप्पाच नाही. शेवटी भाचा वैतागला, “मामा, सोड ना तो बॉल!” त्यातच सगळी गंमत आहे: स्ट्राइक झोनबाहेरचे (म्हणजे बॅटरसमोर साधारण गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या चौकटीबाहेरचे) चार बॉल सोडलेत की पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा, फुकट. सुरुवातीला गेमच्या सेटिंगमध्ये बॅटिंग ‘डिरेक्शनल’वर ठेवा, म्हणजे मुख्यतः वेळेवर बटण दाबणं उरतं. ‘झोन’मध्ये स्टिकने नेमही धरावा लागतो, ते नंतर. आणि हो, ही गेमची मालिका २०२१मध्ये एक्सबॉक्सवर, २०२२मध्ये निन्टेंडो स्विच या कन्सोलवरही आली. घरात त्यातलं काही असेल तर प्लेस्टेशन घ्यायची घाई नको.