पहिल्या निवडणुकीतले मित्र

तुम्ही विधानसभेला अपक्ष म्हणून उभे राहणार असाल, तर मित्रांची गरज उमेदवारी अर्जावर लागणाऱ्या मतदारसंघातील 10 सूचकांच्या (नाव सुचवणाऱ्या मतदारांच्या) सह्यांपासूनच सुरू होते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच सूचक पुरतो. सभेत घोषणा देणारे सहज मिळतात (चहाच्या वेळी तर वाढतातही), म्हणून त्यांच्यावरून आपले बळ मोजू नये. निष्ठेचा कस लागतो तो मतदान केंद्रावर. पहाटे अभिरूप मतदानाला (यंत्र तपासण्यासाठीच्या चाचणी मतदानाला) हजर राहून, दिवसभर केंद्रावर लक्ष ठेवून, शेवटी नोंदवलेल्या मतांचा हिशेब असलेल्या नमुना 17-सीची प्रत घेऊनच बाहेर पडणारा मतदान प्रतिनिधी पैसे देऊन मिळाला, तरी दुपारनंतर तो आपलाच राहील याची खात्री नसते. जिथे चुरस अधिक, तिथे जुने मित्रच नेमावेत. खर्चाची नोंदवही मात्र तुम्हाला तोंडावर नकार देऊ शकणाऱ्या मित्राकडे सोपवावी, कारण निकालानंतर 30 दिवसांत हिशेब सादर केला नाही आणि त्याला योग्य कारणही नसेल, तर निवडणूक आयोग 3 वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. निवडणूक प्रतिनिधी, म्हणजे संपूर्ण निवडणुकीत उमेदवाराच्या वतीने काम पाहणारा, एकच नेमता येतो. ते नाव ठरवताना उरलेल्यांशी आधीच मोकळेपणाने बोलून घ्यावे.