वॉटर कूलिंगसाठी मुदत ठेव मोडावी का?

प्रश्न : वय २८, कोल्हापुरात शाहूपुरीत तळमजल्यावर भाड्यानं राहतो. आर्किटेक्ट आणि इंटेरिअरवाल्यांना थ्रीडी रेंडर (कम्प्युटरवर बनवलेली हुबेहूब चित्रं) करून देतो. महिन्याची सरासरी मिळकत ४८,००० रुपये, घरखर्च २९,०००, एसआयपी ८,०००. मुदत ठेव २,४०,००० ची. कर्ज नाही, आरोग्य विमाही नाही. स्वतः जोडलेल्या कम्प्युटरला कस्टम वॉटर कूलिंग (सुटे भाग जोडून, पाणी फिरवून आतले भाग थंड ठेवणं) करायचं आहे आणि केस (कम्प्युटरचा बाहेरचा डबा) गच्चीवर रंगवायची आहे. अंदाज असा : ग्राफिक्स कार्डचा ब्लॉक (चिपवर बसणारा, आतून पाणी वाहणारा धातूचा ठोकळा) १९,०००, प्रोसेसरचा ब्लॉक ९,०००, ३६० मिलिमीटरचे दोन रेडिएटर (पाणी थंड करणाऱ्या जाळ्या) १९,०००, पंप-रिझर्व्हॉयर (टाकीसह पंप) १७,०००, फिटिंग (नळीचे जोड) २०,०००, हार्ड ट्यूब व अवजारं ६,०००, कूलंट ३,०००, सहा पंखे ११,०००, नवी केस १४,०००, रंग १०,०००. एकूण १,२८,०००. कार्ड अडीच वर्षांचं आहे. ठेव मोडू, की १४ टक्क्यांनी दोन वर्षांचं कर्ज काढू? धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येईल ना?

उत्तर : ठेव मोडू नका, कर्जही काढू नका. काम मात्र जरूर करा. ते टप्प्याटप्प्यानं करा, आणि ग्राफिक्स कार्डचा ब्लॉक आज यादीतून काढा.

हा खर्च धंद्याचा की हौसेचा, हे आधी फुकटात तपासता येतं. नेहमीचा एखादा जड सीन रेंडरला लावा आणि अर्धा तास कार्डचं तापमान व क्लॉक (चिपचा वेग) नोंदवा. मग केसचं बाजूचं झाकण काढून तोच सीन पुन्हा लावा. वेळ तेवढाच लागला आणि क्लॉक घसरला नाही, तर कार्ड उष्णतेमुळे मंदावत नाही. मग पाण्यानं तापमान वीसेक अंशांनी उतरेल, पंख्यांची घरघर थांबेल, पण रेंडर फार तर दोन-चार टक्के लवकर संपेल. वेळ बराच कमी झाला किंवा क्लॉक घसरला, तर दोष हवेच्या वाटेत किंवा कूलरमध्ये आहे : जाळीत साचलेली धूळ, सुकलेली थर्मल पेस्ट (चिप आणि कूलरमधला लेप), उलटा बसवलेला पंखा. तो काही शे रुपयांत दुरुस्त होतो. म्हणजे दोन्ही बाजूंनी १,२८,००० रुपये कामाच्या कमाईतून वसूल होत नाहीत. ही हौस आहे, आणि हौसेला पैसे ठेवणं चुकीचं नाही. फक्त ते हौसेच्या खात्यातून आले पाहिजेत.

करापुरतं सांगायचं तर कम्प्युटरवर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो, आणि त्या आर्थिक वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी असेल तर निम्मा. पण तुम्ही अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत (मिळकतीचा ठरावीक हिस्सा नफा धरून) विवरणपत्र भरत असाल, तर घसारा त्यातच धरलेला असतो, वेगळा मागता येत नाही. शिवाय तुमच्या मिळकतीवर नव्या करप्रणालीत रिबेटमुळे कर शून्यच येतो. नसलेला कर वाचवण्यासाठी खरेदी करण्यात अर्थ नाही.

आता ठेव. महिन्याला ठराविक पगार नसलेल्या माणसाकडे सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवाच; तुमच्या बाबतीत तो १,७४,०००. उरलेले ६६,००० मोकळे दिसतात, पण तुमची रोजीरोटी एकाच यंत्रावर आहे. कार्ड किंवा मदरबोर्ड अचानक गेला तर दुसऱ्या दिवशी नवं आणायला हीच रक्कम लागेल. त्यात तुम्ही शाहूपुरीत तळमजल्यावर राहता. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेनं काय केलं ते तुम्हाला सांगायला नको. सामान हलवणं, नवी खोली, नवं डिपॉझिट हे सगळं रोखीत आणि एका आठवड्यात उभं करावं लागतं. म्हणून ठेवीला हात नाही. विम्याशिवाय तर अजिबात नाही : वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही, तेव्हा पॉलिसी याच महिन्यात घ्या.

कर्जाचा हिशेब सरळ आहे. १,२८,००० पैकी समजा १,२०,००० रुपये १४ टक्क्यांनी २४ महिन्यांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ५,७६० आणि व्याज सुमारे १८,३००. तेवढ्यात जवळपास एक ब्लॉक येतो. दुकानदार ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणेल, तेव्हा रोखीचा भाव आधी विचारा. प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावरचा १८ टक्के जीएसटी तिथेही तुमच्याच माथी येतो.

यादीकडे पैशाच्या नजरेनं पाहा. पंप, रेडिएटर, फिटिंग, पंखे हे पुढच्या दोन-तीन कम्प्युटरांना चालतात. फिटिंगचा जी १/४ मापाचा आटा सगळीकडे तोच असतो. कार्डचा ब्लॉक मात्र ठरावीक मॉडेलच्या सर्किट बोर्डावरच बसतो. कार्ड विकलं की त्या १९,००० ची किंमत जवळजवळ शून्य. तुमचं कार्ड अडीच वर्षांचं आहे, म्हणजे ब्लॉकला आयुष्यच किती मिळणार? तो पुढच्या कार्डासोबत घ्या, आणि मूळ कूलर काढल्यावर वॉरंटी राहते का, हे घेण्याआधी लेखी विचारा.

हार्ड ट्यूबही पहिल्या खेपेला नको. दिसते देखणी, पण माप चुकलं की तुकडा वाया. कापलेल्या टोकाची धार नीट मोडली नाही तर फिटिंगमधली ओ-रिंग (रबरी कडी) कापली जाते आणि गळती सुरू होते. पीईटीजी प्लॅस्टिकची कडक नळी साठ अंशांच्या पुढे मऊ पडू लागते. पंप बंद पडला तर तिथवर पोचायला वेळ लागत नाही. साधी सॉफ्ट ट्यूब घ्या, आठ फिटिंगमध्ये काम होतं. नवी केस घेण्याआधी जुनीत टेप लावून मोजा : ३० मिलिमीटरचा रेडिएटर आणि २५ चा पंखा, म्हणजे पुढच्या बाजूला ५५ मिलिमीटर मोकळे हवेत. तेवढे मिळाले तर १४,००० वाचले.

मग आज लागतं ते इतकंच : पंप १७,०००, एक रेडिएटर ९,५००, प्रोसेसरचा ब्लॉक ९,०००, ट्यूब व फिटिंग ७,०००, तीन पंखे ५,५००, पाणी व ॲडिटिव्ह १,०००. हे ४९,०००, आणि रंगाचे १०,०००. एकूण ५९,०००.

खर्च आणि एसआयपी जाऊन तुमच्या हातात ११,००० उरतात. त्यातले ६,००० दरमहा वेगळ्या बचत खात्यात टाका. मधेच काढायचे आहेत म्हणून आवर्ती ठेव नको. उरलेले ५,००० विम्याचा हप्ता आणि मंदीच्या महिन्यांसाठी. ज्या महिन्यात ४०,००० पेक्षा कमी जमा होतील, त्या महिन्यात हौसेचा हप्ता सोडून द्या. जुलैपासून सुरुवात केली तर नोव्हेंबरअखेर ३०,००० होतात, रंग तेव्हा. एप्रिलअखेर ६०,००० होतात, लूप (पाणी फिरवणारी सगळी जोडणी) तेव्हा.

रंगाला तसाही पावसाळा नको. कोल्हापुरातल्या जून-सप्टेंबरच्या दमट हवेत लॅकर पांढुरका पडतो, आणि मग सगळं घासून पुन्हा करावं लागतं. गच्चीवर टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर) मारणार असाल तर त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसाला घातक आहे. कापडी मास्क त्यापुढे निरुपयोगी. माझं मत पावडर कोटिंगच्या (रंगाची भुकटी भट्टीत भाजून बसवण्याच्या) बाजूनं आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात जॉबवर्क करणारे मिळतील. एका केससाठी खास रंग मागाल तर महाग पडेल; त्यांच्याकडे त्या दिवशी जो रंग चालू असेल त्याच लॉटमध्ये तुमची केस घ्यायला सांगा.

देण्याआधी रिव्हेट ड्रिल करून केस पूर्ण सुटी करा. प्लॅस्टिक, रबर, वायर, काच काहीही राहू देऊ नका, कारण भट्टी १८० ते २०० अंशांची असते. मदरबोर्डचे स्टँडऑफ (बोर्ड टेकतो ते छोटे खांब), सगळे आटे आणि पॉवर सप्लाय टेकतो ती जागा मास्क करायला सांगा. इथं चूक फार होते : थर जाड बसतो, आटे बुजतात आणि धातूला धातू न टेकल्यानं अर्थिंग तुटतं. बुजलेच तर टॅप (आटे पाडायचं अवजार) फिरवून घ्या. रेडिएटर भट्टीत देऊ नका. फार तर कडेच्या पट्टीवर पातळ स्प्रे, पातळ पत्र्यांच्या जाळीवर नाही.

लूपमध्ये तांब्याच्या ब्लॉकबरोबर ॲल्युमिनिअमचा रेडिएटर घेऊ नका, स्वस्त मिळाला तरी. दोन धातू एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनिअम खाल्लं जातं आणि गाळ ब्लॉकच्या बारीक खाचांत अडकतो. दुधाळ रंगाच्या कूलंटचाही तोच त्रास. डिस्टिल्ड पाणी, त्यात गंज आणि शेवाळ रोखणारं ॲडिटिव्ह, आणि वर्षातून एकदा बदल; त्यासाठी दरवर्षी १,००० रुपये धरून ठेवा.

लूप पहिल्यांदा भराल तेव्हा पॉवर सप्लायची २४ पिन जंपरनं (मदरबोर्डशिवाय सप्लाय चालू करणाऱ्या जोडानं) जोडून वीज फक्त पंपाला द्या, मदरबोर्डला आणि कार्डला नाही. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवा आणि २४ तास पंप चालू द्या. हातात डिलिव्हरी असेल त्या आठवड्यात हे काम काढू नका.