घर खरंच आपलं प्रतिबिंब असतं का? आर्किटेक्टला काय सांगावं?

तुमचा प्रश्न असा, की घर म्हणजे आपलंच प्रतिबिंब म्हणतात, तर नवीन घराच्या प्लॅनमध्ये आपला स्वभाव उतरावा म्हणून आर्किटेक्टला काय सांगायचं.

प्रतिबिंब असतं. पण कुणाचं, ते आधी बघा. आमच्या घरात ते एकट्या दादाचं आहे.

आमचं गाव खानापूर तालुक्यातलं. जुनं घर मातीच्या भिंतींचं, वर कौलं. पुढं सोपा, मधे माजघर, मागं परसू. आई चुलीपुढं पाटावर बसून स्वयंपाक करायची. भाकरी थापता थापता मागच्या दारातून तिला गोठा दिसायचा आणि सोप्यावर कोण आलंय ते आवाजावरून कळायचं. त्या घराचा नकाशा कुणी काढला नव्हता, तरी आईची बसायची जागा धरूनच सगळं जुळलेलं होतं.

दादानं ते पाडून स्लॅबचं घर बांधलं. पैसा त्याचा, राबलाही तोच, ते मी कधीच नाकारलं नाही. ओटा किती उंच घालू म्हणून गवंड्यानं विचारलं तेव्हा दादा म्हणाला, "सगळीकडं असतोय तसाच घाल." ३४ इंच घातला. आई चार फूट दहा इंच. ओट्यावर शेगडी, शेगडीवर भाताचं पातेलं. आत काय शिजतंय ते तिला दिसायचंच नाही.

वास्तुशांतीनंतर आठ दिवसांनी मी गेले, तर आई ओट्यापुढं पाटावर उभी. तिचा बसायचाच पाट तो, कडेला निखाऱ्याचा काळा डाग आहे त्यावरून ओळखला. शेगडीकडून सिंककडं जायचं तर आधी खाली उतरायची, पायानं पाट सरकवायची, मग परत चढायची.

"आई, बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं नाही की."

दादा म्हणाला, "तीन इंचांसाठी ग्रॅनाइट फोडायचं?" त्यानंतर आम्ही सहा महिने बोललो नाही.

कौलांचंही तेच. कौलारू घर म्हणजे गरिबी, हे त्याच्या डोक्यात बसलेलं. तिसऱ्या पावसात स्लॅब गळला, वर पत्रा घालावा लागला. आता पावसात हॉलमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. काढलेली कौलं परसात शेवाळून गेली. केरळात आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी अशी जुनी मंगळुरी कौलं स्लॅबच्या काँक्रिटमध्येच बसवून घरं बांधली. काँक्रिट कमी लागतं, खोली कमी तापते आणि खालून कौलं दिसत राहतात. गळणं त्यानं थांबलं नसतं, पण आमचं जुनं घर थोडं तरी उरलं असतं.

घर आणि स्वभाव म्हटलं की मानसशास्त्रज्ञ युंग यांचं उदाहरण देतात. त्यांनी झ्युरिक सरोवराकाठी बोलिंगेनला १९२३ पासून दगडी घर बांधायला घेतलं आणि थोडं थोडं वाढवत नेलं. १९५५ मध्ये बायको गेल्यावर त्यावर आणखी एक मजला चढवला. पण ते एका माणसाचं एकांताचं घर. आपल्याकडं एका घरात पाच-सात माणसं आणि काम एका उन्हाळ्यात उरकायचं. तिथं 'आपला' स्वभाव म्हणजे पैसे देणाऱ्याचा स्वभाव, दुसरं काही नाही.

म्हणून आर्किटेक्टसमोर एकट्यानं बसू नका. जो घरात सगळ्यात जास्त वेळ असतो आणि सगळ्यात कमी बोलतो, त्याला शेजारी बसवा. विचारल्यावर तो "तुम्ही म्हणाल तसं" म्हणेल. ते उत्तर धरू नका. दिवसभर तो कुठं बसतो, कुठून उजेड घेतो, ते आर्किटेक्टला घरी आणून दाखवा.

मी आर्किटेक्ट नाही. खर्चाचं आणि वास्तुशास्त्राचं तुमचं तुम्ही बघा. पैसे घालणाऱ्यालाही हौस असते, तीही पुरवा, हॉल हवा तसा करा. फक्त ओट्याचं माप कागदावरून घेऊ नका. जी रोज स्वयंपाक करते तिला उभी करा, कोपर वाकवायला सांगा, भिंतीवर खूण करा. आणि शेगडी व पातेलं धरून मोजा, नुसता ओटा नको.