द्रवरूप सौंदर्यप्रसाधनांची एक पेटी परदेशी जाते आणि दुसरी परत येते, असे का होते?

आपण टोनर, फेस सीरम, केसांचे तेल आणि बॉडी मिस्ट (अंगावर फवारायचे सुगंधी द्रव्य) लहान बाटल्यांतून परदेशातल्या ग्राहकांना पाठवता. कुरिअरवाल्यांनी एक पेटी काही न विचारता घेतली आणि दुसरी ‘द्रवपदार्थ आहे’ एवढेच सांगून परत केली, तर नियम नेमका काय आहे आणि माल न गळता कसा पोहोचेल, असे आपण विचारले आहे. छोट्या उत्पादकांच्या मालाची बांधणी आणि निर्यातीची कागदपत्रे तपासणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

माल द्रव आहे म्हणून तो अडत नाही, तो पेट घेऊ शकतो म्हणून अडतो. ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगी मिळताच पेटते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. तो ६० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असला की विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तो माल ‘वर्ग ३, ज्वलनशील द्रव’ ठरतो. त्यामुळे बाटलीवर काय नाव आहे यापेक्षा बाटलीत काय आहे हे पाहावे लागते. आपल्या बॉडी मिस्टमध्ये बहुधा अर्ध्याहून अधिक इथाइल अल्कोहोल असेल, आणि शुद्ध इथाइल अल्कोहोलचा फ्लॅश पॉइंट साधारण १३ अंश, म्हणजे खोलीतल्या तापमानापेक्षाही खाली आहे. धोकादायक मालाच्या संयुक्त राष्ट्रांच्या यादीत अशा सुगंधी द्रव्यांना यूएन १२६६ हा क्रमांक आहे. याउलट पाण्यात मिसळलेले अल्कोहोल घनफळाने २४ टक्के किंवा त्याहून कमी असेल आणि दुसरा कोणताही धोकादायक घटक नसेल, तर ते मिश्रण या नियमांतून सुटते. म्हणूनच टोनर सहसा जातो आणि मिस्ट अडतो.

तेलाच्या बाबतीत बरेच जण फसतात. खोबरेल, बदाम, तीळ यांसारख्या तेलांचा फ्लॅश पॉइंट २०० अंशांच्या वर असतो, त्यामुळे त्यांचा प्रश्न येत नाही. पण संत्र्याच्या सालीचे किंवा निलगिरीचे सुगंधी तेल न मिसळता, शुद्ध स्वरूपात पाठवले, तर त्याचा फ्लॅश पॉइंट पन्नासच्या आसपास येतो आणि ते सरळ ज्वलनशील मालात मोडते. ‘तेल म्हणजे तेल’ असे समजून दोन्ही एकाच पेटीत घातली की अख्खी पेटी अडते. नेलपॉलिश आणि ते काढण्याचे अ‍ॅसिटोनही याच वर्गातले. केसांच्या रंगासोबत येणाऱ्या डेव्हलपरमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड ८ टक्के किंवा अधिक असेल, तर तो ऑक्सिडीकारक, म्हणजे आग भडकवणारा, म्हणून वेगळ्या वर्गात जातो.

प्रत्येक उत्पादनाची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्याचे गुणधर्म आणि धोके सांगणारे माहितीपत्रक, आपल्या हाती असलीच पाहिजे. तिच्या सोळा विभागांपैकी नवव्यात फ्लॅश पॉइंट आणि चौदाव्यात वाहतुकीचे वर्गीकरण असते, आणि कुरिअरचा माणूस हेच दोन विभाग वाचतो. मिश्रण आपण स्वतः केले असेल, तर कच्च्या मालाच्या पुरवठादाराची शीट पुरत नाही; तयार मालाचा फ्लॅश पॉइंट प्रयोगशाळेतून मोजून घ्यावा. मी हा आग्रह धरतो तेव्हा लोकांना तो खर्च अनाठायी वाटतो, पण त्या एका कागदाने पुढची सगळी वादावादी संपते.

माल ज्वलनशील ठरला म्हणून वाट बंद होत नाही. ‘एक्सेप्टेड क्वांटिटी’ या सवलतीखाली अल्कोहोलयुक्त सुगंधी द्रव्य आतल्या बाटलीत ३० मिलिलिटरपर्यंत आणि एका पेटीत एकूण ५०० मिलिलिटरपर्यंत विमानाने नेता येते. त्यासाठी ठरवून दिलेली बांधणी आणि पेटीवर तिरप्या रेघांच्या काठाचे चौकोनी चिन्ह लागते, आणि ही सेवा देणारी कुरिअर कंपनी आधी शोधावी लागते. सरकारी टपालातून मात्र हा माल परदेशी पाठवता येत नाही, कारण आंतरराष्ट्रीय टपालात ज्वलनशील द्रवांना मनाई आहे.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. ‘नमुना’ किंवा ‘हर्बल पाणी’ असे लिहून मिस्ट पाठवण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईल. तो ऐकू नका. ११ मे १९९६ रोजी व्हॅल्यूजेट या अमेरिकी विमान कंपनीचे विमान क्रमांक ५९२ फ्लोरिडात कोसळले आणि त्यातले सगळे ११० जण मृत्युमुखी पडले. मालाच्या कप्प्यात ठेवलेली, ऑक्सिजन तयार करणारी रासायनिक नळकांडी पेटल्यामुळे विमानाला आग लागली होती, आणि कागदांवर ती रिकामी असल्याची नोंद होती. मालाचा कप्पा प्रवासाच्या वाटेत कोणाला उघडून पाहता येत नाही. आत काय आहे हे वैमानिकाला कागदावरूनच कळते.

आता बांधणीकडे येतो, कारण नियमात बसलेला मालही सर्वाधिक इथेच बिघडतो. विमान उंचावर असताना आतला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दाबाच्या साधारण तीन चतुर्थांश होतो. बाटलीत द्रवाच्या वर कोंडलेली हवा मात्र जमिनीवरच्या दाबाची असते, त्यामुळे ती द्रवाला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलते. सीरमसाठी सगळ्यांना आवडणारी ड्रॉपरची बाटली या बाबतीत सर्वांत वाईट आहे. मी तेलकट झालेली अशी एक पेटी उघडली होती. बाटल्या फुटल्या नव्हत्या, झाकणे घट्ट होती. तरी प्रत्येक ड्रॉपरचा रबरी फुगा सीरमने भरला होता, फुगा आणि झाकणाची कडी जिथे मिळतात तिथून पिवळसर ओघळ उतरला होता आणि लेबलावरची शाई पुसून घटकांची यादी वाचता येत नव्हती. तेव्हापासून मी एकच सांगतो: प्रवासात बाटलीला साधे, आतून अस्तर असलेले झाकण लावा आणि ड्रॉपर कोरडा, वेगळ्या पिशवीत द्या. शक्य असेल तर बाटलीच्या तोंडावर उष्णतेने चिकटणारी फॉइलची सील घ्या, पंपाच्या बाटलीला लॉकची क्लिप लावा. बाटली काठोकाठ भरू नका, कारण द्रव तापला की फुगतो आणि अल्कोहोल पाण्यापेक्षा बरेच जास्त फुगते. ५५ अंश तापमानालाही बाटलीत मोकळी जागा उरली पाहिजे, असा ज्वलनशील मालासाठी नियमच आहे आणि तो बाकीच्या मालालाही पाळावा. प्रत्येक बाटली स्वतंत्र झिपच्या पिशवीत, पिशवीभोवती सगळा द्रव शोषून घेईल एवढा शोषक कागद, मग दणकट खोके आणि बाहेर वरची बाजू दाखवणारे बाण. बाण छापले तरी पेटी वाटेत उलटीच पडणार असे गृहीत धरा. माल भरण्याआधी बाटल्या टिश्यू पेपरवर पूर्ण एक दिवस उलट्या ठेवा. कागदावर सुईच्या टोकाएवढा जरी डाग आला, तरी त्या खेपेची झाकणे बदला.

सीमाशुल्काच्या कागदावर ‘कॉस्मेटिक्स’ एवढाच शब्द पुरत नाही. मालाच्या वर्गीकरणाचे आंतरराष्ट्रीय क्रमांक, म्हणजे एचएस कोड, वेगवेगळे आहेत: सुगंधी द्रव्ये ३३०३, त्वचेची प्रसाधने ३३०४, केसांची ३३०५. विकलेला माल भेट म्हणून दाखवू नये आणि किंमत ग्राहकाने दिली तीच लिहावी. युरोपीय संघात २२ युरोपर्यंतच्या पार्सलवरची व्हॅटची सूट १ जुलै २०२१ पासून बंद झाली आहे, त्यामुळे लहान पार्सलवरही कर लागेल आणि तो कोण भरणार हे ग्राहकाला आधीच सांगावे.

याहून मोठी अडचण म्हणजे पोहोचण्याच्या देशाचा सौंदर्यप्रसाधनांचा कायदा. युरोपीय संघात नियमन १२२३/२००९ नुसार तिथेच एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते, सुरक्षा-अहवाल तयार ठेवावा लागतो आणि उत्पादनाची नोंदणी बाजारात आणण्यापूर्वी करावी लागते. ब्रिटनमध्ये ही व्यवस्था आता स्वतंत्र आहे. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने कारखान्याची आणि उत्पादनांची नोंद आवश्यक केली असून अगदी लहान व्यवसायांना त्यात काही सवलती आहेत. मात्र सनस्क्रीनला तिथे औषधाचे नियम लागू होतात, म्हणून सीरमच्या लेबलावर एसपीएफचा, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा, दावा असेल तर ते तिकडे पाठवण्याआधी थांबा.

सुरुवातीला टोनर आणि केसांचे तेल यांचीच, प्रत्येकी दोन बाटल्यांची एक पेटी ओळखीच्या ग्राहकाला पाठवा आणि ती उघडताना झाकणांचे व पिशव्यांच्या तळाचे फोटो मागवा. मिस्ट मात्र त्याचा फ्लॅश पॉइंट लेखी हातात येईपर्यंत बाजूला ठेवा.