दोन केटी राहिल्यात, १८,५०० रुपयांचा डिप्लोमा घेऊ का?

प्रश्न : वय २४. भिवंडीत एका गोदामात डिस्पॅचचं काम बघतो. हातात १९,५०० रुपये येतात, घरखर्च १५ हजारांचा, बँकेत ४० हजार शिल्लक. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष दोन वर्षांपूर्वी झालं, पण अकाउंट्स आणि टॅक्स अशा दोन केटी, म्हणजे नापास झालेले पेपर, राहिल्या. आमच्याकडे सुपरवायझरला २६ हजार मिळतात, पण ग्रॅज्युएट लागतो. मोबाइलवर लॉजिस्टिक्सच्या पीजी डिप्लोम्याची जाहिरात आली : एक वर्ष, घरबसल्या, १८,५०० रुपये, बिनव्याजी हप्ते, बारावी पासही चालेल. केटीच्या मागे लागण्यापेक्षा हेच करून टाकू का?

उत्तर : आधी केटी सोडवा. डिप्लोम्याचं नंतर बघू.

तुमच्या डोक्यात एका बाजूला एक वर्षाचा डिप्लोमा आहे आणि दुसऱ्या बाजूला तीन वर्षांची डिग्री. हिशोब इथेच फसतोय. डिग्रीची फी आणि वर्षं तुम्ही केव्हाच भरून बसलाय. आता उरलेत फक्त दोन पेपर. परीक्षेचा फॉर्म, पुस्तकं आणि या दोन विषयांपुरती शिकवणी धरली, तरी डिप्लोम्याच्या निम्म्या पैशांत काम व्हायला हवं. एक मात्र करा, टॅक्सच्या जुन्या गाईडवर डोळे झाकून विसंबू नका. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे. तुमच्या पेपरला जुना अभ्यासक्रम आहे की नवा, हे कॉलेजात विचारूनच पुस्तक घ्या.

आता १८,५०० चं बघू. खासगी कंपनीच्या अशा कोर्सवर १८ टक्के जीएसटी लागतो. जाहिरातीतला आकडा करासकट नसेल, तर बिल २१,८३० रुपयांचं होईल. एकरकमी भरलेत तर बँकेत उरतील १८,१७०, म्हणजे जेमतेम सव्वा महिन्याचा घरखर्च. हप्त्यांनी घेतलंत तर बहुतेक वेळा एखादी फायनान्स कंपनी तुमच्या नावावर कर्ज काढते आणि फी थेट संस्थेला देऊन टाकते. तिसऱ्या महिन्यात शिकवणं आवडलं नाही म्हणून कोर्स सोडलात, तरी हप्ते सुटत नाहीत. चुकवलेत तर सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या इतिहासात, नोंद होते आणि उद्या बाईकच्या कर्जाला तीच आडवी येते. ‘बिनव्याजी’ म्हणताना प्रोसेसिंग फी किती, तेही विचारा.

जाहिरातीतली एक गोष्ट मला खटकली. पीजी म्हणजे पदवीनंतरचा. मग बारावी पास कसा चालतो? अशा जाहिरातींत खाली आयएसओ आणि एमएसएमईचे शिक्के असतात आणि वर ‘शासनमान्य’ असं ठळक छापलेलं असतं. एमएसएमईची, म्हणजे लघुउद्योगांची, उद्यम नोंदणी घरी लोणची करून विकणाऱ्या ताईंनाही ऑनलाइन, फुकट मिळते. तिचा शिक्षणाच्या मान्यतेशी काडीचा संबंध नाही. पदवी द्यायचा अधिकार कायद्याने विद्यापीठांना आणि तसा दर्जा मिळालेल्या संस्थांनाच आहे. त्यामुळे हा कागद दाखवून ‘मी ग्रॅज्युएट’ असं तुम्हाला म्हणता येणार नाही, आणि तुमच्या एचआरने मागितलंय नेमकं तेच. बँकेची क्लार्कची परीक्षा असो की एमपीएससीची राज्यसेवा, तिथेही पदवीच विचारतात.

सुपरवायझर झालात तर महिन्याला ६,५०० जास्त, म्हणजे वर्षाला ७८ हजार. दोन पेपर सुटले की बढती हातात पडेल असं मी म्हणत नाही, जागा रिकामी व्हावी लागते, साहेबांची मर्जीही लागते. पण निदान अर्ज तरी करता येईल.

काम शिकायची हौस आहे, ती मोडू नका. गोदामात एक्सेल पक्कं येणाऱ्या माणसाला लोक शोधत येतात, आणि ते यूट्यूबवर मराठीतही शिकता येतं. सप्लाय चेनचे आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स स्वयम-एनपीटेल या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावर फुकट आहेत, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी. एवढं करूनही हाच डिप्लोमा हवासा वाटला, तर आधी मॅनेजरला विचारा की याने पगारात फरक पडेल का.

घाई आहे ती वेगळ्याच कारणाने. डिप्लोम्याची ‘आजच शेवटची’ सवलत गणपतीत असते, दिवाळीत असते, नववर्षालाही असते. केटीचं तसं नाही. पदवी किती वर्षांत पुरी करायची याला विद्यापीठाची मुदत असते, सहसा तीन वर्षांच्या कोर्सला वर दोन. तुमची दोन तर झालीच. या आठवड्यात अर्धा दिवस रजा टाका, सगळ्या सेमच्या मार्कशीट घेऊन कॉलेजच्या परीक्षा विभागात जा आणि दोनच गोष्टी विचारा : माझी नोंदणी अजून चालू आहे का, आणि पुढचा फॉर्म कधी भरायचा.

मुदत संपली असं म्हणाले तर विशेष संधीचा अर्ज करता येतो का, तेही तिथेच विचारा. तीही नसेल तर मला परत लिहा. मग नाशिकचं मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू यांचा खर्च धरून हिशोब नव्याने मांडावा लागेल.